ज्वारी ओळखणारा लाऊडस्पीकर

अकोल्यात स्टेशनाकडून कापूस बाजाराकडे निघालं की वाटेत आमचं लाऊडस्पीकरचं दुकान लागायचं, आणि अख्ख्या वऱ्हाडात आमच्यासारखा आवाज कोणाचा नव्हता. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. दुकानावर पाटी होती, पण पाटीवरचं नाव कोणी घेत नसे. लग्न असो, सभा असो, लोक म्हणायचे, बाईचा लाऊडस्पीकर आणा. बाई म्हणजे मी. त्या काळात बाईनं हातात तारांना डाग द्यायची तापलेली कावी धरावी आणि आवाज मोठा करणाऱ्या उघड्या मशीनपुढे मांडी घालून बसावं, हे लोकांना सर्कशीइतकं नवलाचं वाटायचं. येणारे-जाणारे थांबून पाहायचे. मी म्हणायची, पाहा बाप्पा, पाहायचे पैसे नाहीत.

आमचे हे फौजेतून आले होते. तिथं वायरलेसच्या वर्कशॉपात होते, म्हणून व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर सगळं त्यांना हातच्या मळासारखं. अंगानं किडकिडीत, बोलणं कमी, राग तर नाहीच. तो सगळा माझ्या वाट्याला आला होता. पण एक गोष्ट माझ्याकडे होती ती त्यांच्याकडे नव्हती, आणि ती म्हणजे कान. फौजेत तोफांशेजारी राहून त्यांच्या कानाची धार गेलेली. मशीन त्यांनी जोडायचं आणि कसं बोलतं ते मी सांगायचं, असं आमचं ठरून गेलं. चांगलं नाही म्हटलं की ते काही न बोलता पुन्हा पेचकस उचलायचे. असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, इथं म्हणून टाकते.

माझी आई आमच्याजवळ राहायची. जन्म कापूस वेचण्यात गेला तिचा, आणि पहाट जात्यावर. जात्यावर बसली की ती गाणं रचायची. आम्ही दीक्षा घेतली, जुने देव घरातून गेले, तेव्हा तिचं निम्मं गाणंच गेलं, कारण ओवीत देवच देव होते. पण ती बाई रडत बसली नाही. रोज दळता दळता तिनं नवीन ओव्या घातल्या आणि गेलेलं सगळं भरून काढलं. शाळेच्या, धम्माच्या, पोरींनी शिकावं याच्या. आजूबाजूच्या बाया पहाटे आमच्या भिंतीला कान लावून ऐकायच्या. तिचा आवाज गोड-बिड नव्हता. खालच्या पट्टीतला, भरलेला, जरासा खरखरीत. ती म्हणायची की असाच तिच्या आईचा होता. ती आई, म्हणजे माझी आजी, फार लवकर गेली. तिचा फोटो नाही, वस्तू नाही. माझ्या आईला तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. आठवत होता तो फक्त जात्यावरचा आवाज, आणि तोही म्हणे दिवसेंदिवस पुसट होत चालला होता.

दीक्षेच्या पुढच्या वर्षी मूर्तिजापूरला आमच्या लोकांची सभा झाली. तिथं आईला गायला बसवलं. लाऊडस्पीकर तिकडच्याच कोणाचा होता. आईनं तोंड उघडलं आणि लिंबाच्या झाडावरचा भोंगा असा काही किंचाळला, की पत्र्यावर खिळा ओढावा. सगळा आवाज नाकातून. मधूनच शिट्टी. शब्द तर एक कळेना. मागचे लोक हसायला लागले, पोरं तिची नक्कल करू लागली. आईनं कसंबसं एक कडवं संपवलं आणि पदर तोंडाला लावून खाली उतरली.

मला वाटलं, भोंग्याला शिव्या देईल. नाही. घरी आल्यावर म्हणाली की आपला आवाज असा आहे हे तिला ठाऊकच नव्हतं, इतकी वर्षं शेजारणी उगाच चांगलं म्हणत आल्या. मी कपाळावर हात मारला. अगं, तो भोंगा खराब होता, मी म्हटलं. तेव्हा ती जे बोलली ते माझ्या काळजात रुतून बसलं.

“मानूस तोंड पाहून बोलते बाई,” ती म्हणाली. “जात पाहून बोलते. मशीनले काय मालूम मी कोन हाय? थे कायले खोटं बोलंन?”

आमच्या माणसांनी जन्मभर माणसांकडून जे ऐकलं होतं, त्यानंतर यंत्रावर असा भरवसा बसणं साहजिक होतं. रेल्वे सगळ्यांना सारखी नेते, घड्याळ सगळ्यांना सारखी वेळ दाखवतं, तसा भोंगाही खरंच बोलणार, असं तिनं धरलं. मी तिला आमच्या दुकानात नेलं, आमच्या मशीनवर बोलायला लावलं. तेव्हा आमच्याकडेही भोंगेच होते. तिनं ऐकलं आणि म्हणाली, हा बी तेच म्हणते. दुसरा साक्षीदारही उलटला. त्या दिवसापासून आईनं गाणं सोडलं. जात्यावरसुद्धा. जातं नुसतं घरघरायचं, आणि मला पहाटे जाग यायची ती त्या मुकेपणानं.

माझं डोकं फिरलं. एका पत्र्याच्या भोंग्यानं माझ्या आईचा गळा बंद करावा? मी ह्यांना सांगितलं की आता मला असं मशीन पाहिजे जे खरं बोलतं. दूर नाही ऐकू आलं तरी चालेल, पण खरं बोललं पाहिजे. हे म्हणाले, खरं बोललं हे कळणार कसं? आईला तर पुन्हा माईकपुढे बसवता येत नव्हतं, ती माईक पाहिला की उठून जायची.

मग मला सूप सुचलं. मी माईकपुढे सूप धरलं आणि त्यात ज्वारी ओतली. ह्यांना भिंतीपलीकडे भोंग्याजवळ बसवलं. मग तूर ओतली. मग सरकी. वऱ्हाडातल्या कोणत्याही माणसाला हे तीन आवाज डोळे मिटून ओळखता येतात. ज्वारी सळसळते, तूर टणटणते, सरकी नुसती धप बसते, तिच्या अंगावर कापूस असतो ना. भोंग्यातून मात्र तिन्ही सारखेच, गिट्टी ओतल्यासारखे. हे तिकडून ओरडले, सगळी गिट्टीच आहे. मी म्हटलं, घ्या. सापडली परीक्षा.

त्या सुपानं आम्हाला दोन वर्षं नाचवलं. पहिल्यांदा भोंगा सोडला. भोंगा लांबवर ओरडायला चांगला, पण खालचे सूर त्याच्या गळ्याखाली उतरत नाहीत, आणि मधले सूर तो नाकात नेतो. ह्यांनी नागपूरहून कागदी पडद्याचा मोठा स्पीकर आणला, रुंद ताटाएवढा. उघडा वाजवला तर आवाज फुसका. मग मेळघाटच्या सागाची जाड पेटी सुताराकडून करून घेतली आणि त्यात तो बसवला. आता आवाज खाली उतरला, पण पेटी रांजणात बोलल्यासारखी घुमायला लागली. तूर ओतली की रांजणात पडल्यासारखी. मी रागाच्या भरात गादीतला कापूस काढला आणि पेटीत कोंबला. घुमणं थांबलं! आपल्या वऱ्हाडचा कापूस कुठं-कुठं जातो, कापड होऊन परत येतो, सगळं खरं; पण लाऊडस्पीकरच्या पोटात तो पहिल्यांदा मीच घातला, असं मी आजवर सांगत आले आहे. खोटं असेल तर असू द्या.

दुकानातल्या दुकानात आता ज्वारी ज्वारी वाटू लागली. मी हवेत. पहिल्याच लग्नाला पेट्या घेऊन गेलो, आणि नाक कापलं गेलं. तेच मशीन, त्याच पेट्या, तोच माईक. पण ढोलकीची थाप पडली की ती थांबेचना, मागे रेंगाळायची. घरी घट्ट वाजणारी ढोलकी तिथं ओल्या गोणपाटावर मारल्यासारखी. आवाजही अर्ध्यावर आला होता. मी तिथल्या तिथं ह्यांच्यावर उखडले, लोकांदेखत. हे शांतपणे वायर हातात धरून पाहत राहिले आणि म्हणाले, बदललं काय, तर एवढंच बदललं.

खरंच होतं. दुकानात मशीन पेटीच्या बाजूला, मांडवात मशीन स्टेजवर आणि पेट्या पार त्या टोकाला. मध्ये दिव्याला लावतात तसली पीळ दिलेली पातळ वायर. हे म्हणाले की वायरही विरोध करते, आणि पातळ आणि लांब असली तर फार करते. मशीननं दिलेल्यातलं निम्मं तीच खाऊन टाकते. आणि नुसतं खात नाही. स्पीकर प्रत्येक सुराला वेगळा विरोध करतो, म्हणून वायर कुठल्या सुरातलं जास्त खाते, कुठल्यातलं कमी. सूरच बदलून जातो. वर मशीनचा स्पीकरवरचा धाक सुटतो. पडदा हलला की त्याला थांबवणारं कोणी राहत नाही. म्हणून ढोलकी रेंगाळते.

मी म्हटलं, म्हणजे ही वायर सासू झाली. नवरा-बायकोच्या मध्ये बसली, इकडचं तिकडे जाऊ देत नाही, आणि गेलं तर अर्धंच जातं. हे पहिल्यांदा खळखळून हसले. त्यांच्या आईला मी हे कधी सांगितलं नाही.

सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यातून विजेच्या मोटारीची जुनी जाड केबल भंगारात निघाली होती, ती आम्ही घेतली. मग मशीनच्या पाठीमागच्या जोडण्या. तिथं चार, आठ, सोळा असे आकडे असतात, स्पीकर केवढं ओझं टाकतो त्याप्रमाणे तार लावायची. बाकीचे दुकानदार जिथं तार जाईल तिथं खुपसायचे, आवाज निघाला की झालं. आम्ही एकेक जोडणी सुपावर तपासली. चुकीच्या आकड्यावर ज्वारी करकरायची, बरोबर आकड्यावर सळसळायची. तेव्हा मला पक्कं कळलं की चांगलं मशीन, चांगली वायर, चांगला स्पीकर असं वेगवेगळं काही नसतं. तिघांचं जमलं तर आवाज, नाही तर तिघंही वाया. लोक विचारायचे, कोणतं मशीन आहे हो तुमचं? मी म्हणायची, मशीन नाही, संसार आहे.

एका दुपारी मी दुकानात सुपात तूर ओतत होते. आई डबा घेऊन आली आणि दाराबाहेर, जिथं पेटी ठेवली होती, तिथं थबकली. हे तिथंच बसले होते. त्यांनी अजून धान्य ओळखून सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, “तूर हाय. अन् जराशी वली हाय. ऊन दे तिले.”

मी सूप घेऊन बाहेर आले. तूर खरंच दमट होती. मला स्वतःला ते कळलं नव्हतं, पेटीनं ते तिला सांगितलं होतं. आई त्या पेटीकडे बघत राहिली. मग तिनंच विचारलं, मंग थो मूर्तिजापूरचा भोंगा? मी म्हटलं, माय, त्याला ज्वारी आणि तूरसुद्धा वेगळी ओळखता येत नाही. तुला काय ओळखणार? ती डबा ठेवून निघून गेली. पण वैशाख पौर्णिमेला अमरावतीच्या कार्यक्रमात गाशील का, असं मी घरी विचारलं, तेव्हा तिनं नाही म्हटलं नाही.

आई आणखी एकदा उठून गेली, तर ती या जन्मी गाणार नव्हती.

अमरावतीला पोचलो तर वेगळंच रामायण. त्या काळी मशीन स्टेजवर ठेवायची रीत होती. पाहुण्यांच्या खुर्च्यांशेजारी टेबल, त्यावर चादर, त्यावर मशीन, आणि मशीनला हार. व्हॉल्व्ह लालसर पेटलेले दिसले की लोकांना कार्यक्रमाला शोभा आल्यासारखं वाटायचं. आणि दुसरी रीत अशी की प्रत्येक मोहल्ल्याकडे तोंड करून एक भोंगा पाहिजेच. आपल्याकडे भोंगा नाही म्हणजे आपल्याला मान नाही. कार्यकर्त्यांनी जिथून मिळतील तिथून भोंगे गोळा करून ठेवले होते आणि ते सगळे आमच्या मशीनला जोडा म्हणत होते.

मी मशीन उचलायला लावलं आणि थेट मैदानात, बायका बसतात तिथं, दोन पेट्यांच्या मध्ये नेऊन ठेवलं. स्पीकरची जाड वायर तेवढी आखूड झाली. माईकची लांब झाली, पण ह्यांचा फौजी माईक होता, लांब वायरीनं त्याचं काही बिघडत नसे. झालं. कार्यक्रमाचे अध्यक्ष धावत आले. चांगले शिकलेले, सभ्य माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही तोल गेला. मशीन खाली, तेही बायांमध्ये? पाहुणे काय म्हणतील?

“पाहुण्याइले मशीन दिसाले पायजे का गानं आयकू याले पायजे?” मी विचारलं.

ते म्हणाले, भोंग्यांचं काय? मोहल्लेवाले रुसतील. मी सांगितलं की एकाच भाकरीला दहा तोंडं लावली की कोणाचंच पोट भरत नाही, वर मशीन जळेल ते वेगळं. त्यांचा चेहरा पडला. बिचाऱ्यांना उद्या सगळ्या मोहल्ल्यांना तोंड द्यायचं होतं, ते मलाही दिसत होतं. शेवटी ह्यांनीच तोड काढली. आमचं जुनं मशीन सोबत होतं. एका वेळी झेपतील तेवढे भोंगे आळीपाळीनं त्यावर, ते स्टेजवर, हार घालून. भाषणं त्यावरून. गाण्याच्या वेळी ते बंद, आणि खालच्या पेट्या सुरू. गाणं ज्याला ऐकायचं त्यानं मैदानात यावं. अध्यक्ष मान्य झाले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलंही नाही.

दिवेलागणीला भाषणं झाली. भोंगे गरजले, मोहल्ले खूश. मग आईचं नाव पुकारलं. ती पदर घट्ट खोचून चढली, मला खालून दिसत होतं. ह्यांनी भोंग्यांचं मशीन बंद केलं. स्टेजवरचे लाल व्हॉल्व्ह विझले, लोकांना वाटलं लाइट गेली, कुजबुज सुरू झाली. मी पेट्यांचं बटण फिरवलं.

“काळ्या वावरात बाई, पेरलं अक्षर,
उगवून आलं माह्या उंबऱ्याच्या वर.”

कुजबुज थांबली. किंचाळणं नाही, शिट्टी नाही. आमच्या स्वयंपाकघरातला, जात्यावरचा आवाज, तसाच भरलेला, तसाच खरखरीत, त्या एवढ्या मैदानात पसरला. माझ्याशेजारच्या म्हाताऱ्या बाईनं पदर सावरला आणि पुढे सरकून बसली. मूर्तिजापूरला हसलेले त्यात होते की नाही कोण जाणे. असले तर त्यांना चांगली चपराक बसली असेल, असं मला वाटलं, आणि मला बरं वाटलं.

ओळ संपली, आणि ‘वर’ हा शेवटचा सूर मैदानावरून क्षणभर उशिरानं आईकडे परत गेला. ती पुढची ओळ घेईना. तिनं मान वर केली आणि अंधारात पेट्यांच्या दिशेनं पाहत राहिली. मी बटणाकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, सगळं जागेवर होतं. मला वाटलं, गेली. आता पदर तोंडाला लावणार आणि उतरणार.

तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

“थांबा वं बायाहो,” ती म्हणाली, आणि ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. “हा तं माह्या मायचा आवाज हाय.”

कोणी हसलं नाही. आईनं ओवी पहिल्यापासून घेतली. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती थांबायची, सूर परत येईपर्यंत ऐकायची, आणि मगच पुढे जायची. लोकांना वाटलं गाण्याची चालच तशी आहे. मला ठाऊक होतं ती कोणाला ऐकते आहे. मी मशीनपुढे बसून ढसाढसा रडले, आणि हे माझ्या खांद्यावरून हात लांबवून बटण सांभाळत राहिले.

कार्यक्रम उठल्यावर आई खाली आली. अध्यक्षही तिच्यामागे आले, आणि स्टेजवरच्या मशीनचा हार काढून त्यांनी आमच्या मशीनवर टाकला. मी म्हटलं, व्हॉल्व्ह तापलेत, फुलं जळतील. मग त्यांनी तो उचलून पेटीवर ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसले. आई पेटीशेजारी मातीत बसली. तिनं सागाच्या फळीवर हात ठेवला, अजून गरम आहे का पाहावं तसा.

“थो आवाज याच्यात राह्यला का आता?” तिनं विचारलं.

तेव्हा आमच्याकडे टेप-बिप काही नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. नाही माय, यात काही राहत नाही. तू गायलीस तेवढा वेळ होता, आता गेला.

तिनं फळीवरचा हात काढला.

“तं मंग मी उद्या पुन्हा गातो,” ती म्हणाली.